मसाफीच्या पुढचा सपाट डोंगर

मला राग पटकन येतो आणि सावकाश जातो, हे आमच्या घरात सगळे धरूनच चालतात. पण एका डोंगरापायी माणूस नऊ वर्षं धुमसत राहू शकतं, हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. डोंगराचा त्यात काही दोष नव्हता. तो बिचारा होता तिथे होता, मसाफी सोडून दिब्ब्याकडे निघालं की डाव्या हाताला. आम्हीच शारजाहून शे-सव्वाशे किलोमीटर गाडी हाकत त्याच्या पायथ्यापर्यंत जायचो, काचेतून त्याच्याकडे बघायचो, थर्मासमधलं मसाल्याचं दूध प्यायचो आणि परत यायचो. वीस-पंचवीस वेळा तरी असं झालं असेल. मला त्याच्या माथ्यावर चालत जायचं होतं. माझी मागणी एवढीच होती.

मी कोकणातल्या सड्यावरची मुलगी. आमचं घर खाली खाडीच्या खाजणाच्या कडेला आणि हायस्कूल पलीकडच्या गावात. मधे सडा. सकाळी घाटी चढून वर यायचं आणि मग तासभर नुसतं सपाट चालायचं. आजूबाजूला काळा कातळ, मधेच एखादं वाकडं झाड, गुरं अडवायला घातलेले दगडांचे गडगे, आणि वारा. पाहुणे यायचे ते म्हणायचे, काय आहे या सड्यावर, भकास नुसतं. मला ते कधी भकास वाटलं नाही. श्रावण संपता संपता त्याच कातळावर सीतेची आसवं फुलायची आणि पाऊल कुठे टाकावं असा प्रश्न पडायचा. वैशाखात कातळ इतका तापायचा की चपलेतून चटका लागायचा. पण खरं सुख फुलांचंही नव्हतं. घाटीचा शेवटचा दगड चढून डोकं वर काढलं की एकदम सगळं आभाळ दिसायचं आणि पाय आपोआप लांब पडायला लागायचे, ते सुख. घरातली भांडणं, गणिताचे मार्क, सगळं घाटीखाली राहायचं. सात वर्षं मी ते अंतर रोज दोन वेळा चालले.

लग्न होऊन शारजात आले तेव्हा आमच्या अल नहदा भागात टॉवर मोजके आणि मोकळी वाळू जास्त होती. आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. नवरा मुंबईचा, एका कॉन्ट्रॅक्टरकडे टेंडरच्या खात्यात. रस्ता असो, गोदाम असो, ड्रॉइंग बघून तो सांगणार की याला किती खडी लागेल, किती डांबर, किती दिवस. माणूस कामसू, शांत आणि प्रेमळ. चालण्याबद्दल मात्र त्याचं मत पक्कं होतं, की ज्याच्याकडे गाडी नाही तो चालतो.

हे मत त्या अख्ख्या मुलखाचं होतं. आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी कोपऱ्यावरचं दुकान सोडून पुढच्या सुपरमार्केटला पायी निघाले. फुटपाथ दोनशे पावलांवर संपला आणि वाळू सुरू झाली. चार टॅक्सींनी हॉर्न दिले. एका हैदराबादी कुटुंबाने गाडी थांबवून, आपा, कुठे सोडू, म्हणून विचारलं. मी नको म्हटलं तर ते जाईनात. त्यांना खात्रीच होती की माझं घरी काहीतरी बिनसलंय. शेवटी मी बसले. परत येतानाही तेच. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, बघ, किती चांगली माणसं आहेत इथली. चांगली होतीच. पण चांगल्या माणसांनी मिळून मला चालू दिलं नाही.

तो डोंगर मी पहिल्यांदा पाहिला तो जानेवारीतल्या एका शुक्रवारी. शुक्रवार हा तिकडचा सुट्टीचा वार, आणि आमच्या शुक्रवारांची एक पद्धत होती. तीन कुटुंबं, तीन गाड्या. आमची, बँकवाल्यांची आणि शिपिंगवाल्यांची. बँकवाल्यांची गाडी पुढे, आम्ही मधे, शिपिंगवाले मागे. एक गाडी थांबली की तिन्ही थांबायच्या, हा नियम. तेव्हा मोबाईल कुणाकडे नव्हते, त्यामुळे हेडलाइटची उघडझाप करून सांगायचं. थांबण्याला कारण लागायचं आणि मान्य कारणं ठरलेली होती. धैदला पोहे. मसाफीच्या शुक्रवार बाजारात कुंड्या आणि आंबे. पुढे कुठेतरी बाभळीखाली चटया टाकून मटारची उसळ, पाव, दहीभात, मग पत्ते. चटई गाड्यांपासून वीस पावलांच्या आत. बिर्याणीवाली मंडळी दुसरीकडे, आपण इकडे. चारला चहा आणि यल्ला, निघा.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. वळण घेतलं आणि समोर तो. आजूबाजूचे डोंगर करवतीच्या दात्यांसारखे, टोकदार. हा एकटाच माथ्यावर सपाट, जणू कुणी कडेने पट्टी लावून कापला होता. उतारावर पावसामुळे हिरवट पुसट झाक आली होती. आणि खालच्या ओढ्यापासून निघून आडवी-तिडवी वर जाणारी एक वाट. बकऱ्यांची म्हणा, माणसांची म्हणा. मला गाडीत बसल्या बसल्या घाटीचा वास आला. मी म्हटलं, थांब. नवऱ्याने विचारलं, काय झालं, उलटी होतेय का? मी म्हटलं, नाही, मला त्या वाटेने थोडं वर जाऊन यायचंय. त्याने आरशात मागच्या गाडीकडे बघितलं, पुढच्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, अगं, पुढे थांबणारच आहोत ना. आम्ही पुढे थांबलो, सात किलोमीटरवर, जिथून डोंगर दिसत नव्हता.

त्या दिवसापासून माझा पिच्छा सुरू झाला. तिथल्या हिवाळ्यात चालण्याजोगे शुक्रवार असतात दहा-बारा. त्यातले दोन संक्रांतीच्या हळदीकुंकवात जायचे. एक शाळेच्या गॅदरिंगला. भारतातून कुणी आलं असेल तर त्यांना सोन्याचा बाजार दाखवायचा, मॉल दाखवायचे, डोंगर दाखवायचा नाही, कारण डोंगर बघायला कोण परदेशी येतं? मुलांना ताप यायचे ते शुक्रवार बघूनच. उरलेल्या दिवशी तीन गाड्यांचा ताफा निघायचा आणि मी मधल्या गाडीत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. नकटीला निदान लग्न ठरल्याचं समाधान असतं, इथे माझ्या बाजूने अजून कुणी होकारच दिला नव्हता. नवरा नाही म्हणायचा नाही. तो इन्शाल्ला म्हणायचा. इतर कुणी इन्शाल्ला म्हटलं की त्यात देवाची इच्छा असते. आमच्या घरी त्याचा अर्थ, विषय संपला.

बायकांना सांगून पाहिलं. बँकवालीने विचारलं, वर काही आहे का, मंदिर वगैरे? शिपिंगवाली म्हणाली, मलाही चालायला आवडतं, पण पार्कात. माझी थोरली तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तिला मी मोठ्या आशेने डोंगर दाखवला. तिने काचेतून बघितलं आणि म्हणाली, "आई, इट्स जस्ट रॉक्स." मी तिला सड्याच्या गोष्टी सांगायचे त्या ती ऐकायची, पण दूरच्या देशातल्या गोष्टी ऐकाव्यात तशा.

मग एकदा दैव माझ्या बाजूने झालं. डोंगराच्या अगदी पायथ्याशी शिपिंगवाल्यांची गाडी पंक्चर झाली आणि तिन्ही गाड्यांत मिळून एक धड जॅक सापडेना. बँकवाले जॅक आणायला मागे मसाफीला गेले. बाकीचे पुरुष पंक्चर झालेल्या चाकाभोवती उभे राहून त्याच्याकडे बघायला लागले. मी धाकटीला शिपिंगवालीच्या मांडीवर दिलं, पाण्याची बाटली घेतली आणि जराशी जाऊन येते, म्हणून निघाले. कुणाला थांबवायची संधीच दिली नाही.

वाट खरोखरची वाट होती. दगड पायांनी गुळगुळीत झालेले, अवघड जागी कुणीतरी मुद्दाम पायरीसारखे रचलेले. पाच-सात मिनिटांत मला दम लागला, पंधरा मिनिटांत तो गेला. हातापायांना आपलं काम आठवलं. खालून येणारे आवाज बारीक झाले. बाभळीच्या काटक्यांचा आणि बकऱ्यांच्या लेंड्यांचा कोरडा वास येत होता. वाटेच्या कडेला दगडांच्या फटीत बोटभर गवत उगवलं होतं. मी ते हाताने चाचपून बघितलं. किती वर्षांनी आपोआप उगवलेलं गवत बघत होते मी.

अर्ध्यावर एक खांदा होता, तिथे एक म्हातारा बसलेला. अंगात मळकट कंदूरा, म्हणजे तिकडचा पायघोळ अंगरखा, पायात रबरी बूट, बाजूला आठ-दहा बकऱ्या. इथलाच, डोंगरातला. मी घाबरून थांबले, पण तो मला बघून जरासुद्धा चकित झाला नाही. चालणारं माणूस बघून चकित न झालेला त्या देशातला तो पहिला माणूस. त्याला जुन्या व्यापाराच्या दिवसांतलं थोडं हिंदी येत होतं. मी वर बोट दाखवून विचारलं, ऊपर क्या है?

"ऊपर मैदान," तो म्हणाला. "खेत. गेहूं. पानी का हौद. मेरा बाप, मेरा मां, सब उधर. मैं उधर पैदा."

आणि आता? आता कोणी नाही, सगळे खाली सरकारी घरात. तो मात्र पावसानंतर बकऱ्या घेऊन वर जातो, दोन-दोन दिवस राहतो. मी विचारलं, गडगे आहेत का, म्हणजे दगडाच्या भिंती? हिंदीत गडग्याला काय म्हणतात मला येईना, म्हणून मी दगडावर दगड ठेवून दाखवला. तो हसला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, बहोत. मग उन्हाकडे बघून त्याने बोटांनी दाखवलं, अजून एक तास. मला पाणी विचारलं. मीच त्याला माझ्या बाटलीतलं दिलं.

तेवढ्यात खालून हॉर्न सुरू झाले. तिन्ही गाड्यांचे, एकदम. जॅक आला होता, चाक बसलं होतं, माणसं मोजली गेली होती आणि एक कमी भरलं होतं. मी एकदा वर बघितलं. माथ्याची कड इतकी सरळ दिसत होती. म्हातारा म्हणाला, जाओ, जाओ, बच्चा रोएगा. मी उतरले. खाली सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होती. उसळ गार झाली होती.

संध्याकाळी घरी आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, पाय घसरला असता तर? तो म्हातारा कोण, कुठला? आणि असं आहे तरी काय वर? तेव्हा मी पहिल्यांदा त्याला सगळं सांगितलं. सडा, घाटी, सपाटीवर आल्यावर लांब पडणारी पावलं, म्हाताऱ्याचे गडगे. इथे आल्यापासून मी कुठून कुठेच चालत गेले नाही, मला खोलीत भरून ठेवल्यासारखं होतं, हेही सांगितलं. तो ऐकत होता. मधेच त्याने विचारलं, किती उंच असेल अंदाजे? चढ कसा आहे? मला वाटलं, चला, माणूस विचार करतोय. विचार तो करतच होता. कोणता, ते मला सहा वर्षांनी कळलं.

मी ठरवलं, आपला हात जगन्नाथ. गाडी शिकायची आणि एखाद्या वारी मुलं शाळेत असताना एकटीनेच जाऊन यायचं. बायकोला लायसन्ससाठी नवऱ्याची हरकत नसल्याचं पत्र लागायचं, ते त्याने आनंदाने दिलं. शिकवायला एक मल्याळी बाई होत्या. त्या ब्रेकवर पाय ठेवून जप करायच्या. पहिल्या रोड टेस्टला मी राउंडअबाउटला फार वेळ थांबले म्हणून नापास. दुसऱ्यांदा थांबले नाही म्हणून नापास. तिसऱ्या वेळी मागे बसलेल्या पोलीस बाईंनी कारण सांगितलंच नाही, नुसतं खलास म्हणाल्या आणि दार उघडलं. सहाव्या खेपेला पास झाले तेव्हा मी चाळिशीला आले होते. गाडीत बसूनच रडले. मला लायसन्स नको होतं, मला तो डोंगर हवा होता.

पण दैव देतं आणि कर्म नेतं. बाईला गाडी येते म्हटल्यावर घरातली सगळी कामं गाडीची झाली. नवऱ्याने स्वतःला नवी गाडी घेतली आणि जुनी मला दिली, क्लचवाली. मुलींची शाळा ऊद मेथाला. रोज सकाळी शारजा ओलांडून दुबईत, दुपारी परत. त्या हद्दीवरचा ट्रॅफिक ज्याने भोगलाय त्याला सांगायला नको. क्लच दाब, सोड, दाब, सोड, पुढची गाडी हातभर सरकली की आपण हातभर. शिवाय शिपिंगवालीची मुलगी आणायची, कुणाला दवाखान्यात सोडायचं, हार्मोनियम मंडळात पोचवायची. पूर्वी निदान कोपऱ्यावरच्या दुकानात पायी जायचे, तेही सुटलं. दोन वर्षांत माझा डावा गुडघा दुखायला लागला. डॉक्टरने फोटो काढला आणि म्हणाला, मॅडम, झीज दिसतेय, जिने टाळा, चढउतार टाळा, वॉकिंग करायचं तर सपाट जागी. मी त्याला म्हटलं, सपाट जागेवर पोचायलाच मला चढायचंय हो. त्याला विनोद कळला नाही, आणि तो विनोद नव्हताच.

त्याच सुमारास आमच्या जेवणाच्या टेबलावर एक मोठं ड्रॉइंग येऊन पडलं. नवरा घरी काम आणायचाच, पण या खेपेला त्याची लगबग वेगळी होती. गुणगुणत स्केलपट्टी फिरवायचा. काय आहे, म्हणून मुलींनी विचारलं तर डोळे मिचकावायचा. दोन महिने ते ड्रॉइंग टेबलावर होतं. जेवायची वेळ झाली की मी ते गुंडाळून फ्रिजवर ठेवायचे आणि ताटं मांडायचे. कपाळावरच्या आठ्यांसारख्या त्या रेघा मला दिसायच्या, पण मी तिकडे बघितलं नाही. मला त्याच्या खडीडांबराचा कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर मला त्याचाही कंटाळा आला होता, आणि त्या दिवसांत मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते.

वर्ष गेलं. पुढच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी त्याने जाहीर केलं की आज आमची गाडी पुढे राहील. बँकवाल्यांना जरा लागलं, पण त्यांनी मान्य केलं. धैदला पोहे झाले. मसाफीला त्याने बाजारात कुणाला जास्त रेंगाळू दिलं नाही. वळण आलं, डोंगर आला, आणि त्याने हेडलाइट मारून डावीकडे गाडी घातली. तिथे पूर्वी काही नव्हतं. आता तिथे कोरा करकरीत डांबरी रस्ता होता. मला काही समजायच्या आत आम्ही चढायला लागलो होतो. पहिला गिअर, दुसरा, वळण, पुन्हा वळण. मी घड्याळ बघितलं म्हणून सांगते, अकरा मिनिटं लागली.

वर टेलिफोनचा एक टॉवर उभा केला होता. त्याच्यासाठी रस्ता. टॉवरभोवती जाळी, जाळीबाहेर गाड्या लावायला सपाट जागा. नवऱ्याने इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "घे. तुझा सडा."

त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. लहान मुलाने स्वतः रंगवलेलं भेटकार्ड द्यावं तसा झाला होता. त्यानेच मग सगळं सांगितलं. या रस्त्याचं टेंडर बाजारात आलंय असं कळल्यावर तो साहेबाच्या मागे लागून लागून ते काम आपल्या कंपनीकडे घेऊन आला होता. जागा बघताक्षणी त्याने ओळखली होती. इतके महिने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, मला एकदम वर आणून उभं करायचं म्हणून. बायकांनी हाय किती रोमँटिक, म्हणून मला घेरलं. मी हसले. दुसरं काय करणार होते?

आणि ते तिथे होतं, सगळं. म्हातारा एका शब्दानेही खोटं बोलला नव्हता. लांबवर सपाट माळ, त्यावर कमरेएवढे दगडी गडगे, एकामागे एक, कुणाच्या तरी गव्हाच्या शेतांचे. एक कोरडा पडलेला हौद. छप्पर गेलेल्या दोन खोपटांच्या भिंती. दगडांच्या मधे पिवळट गवताचे झुबके, आणि वारा. तोच, कानात शिरणारा, पदर ओढणारा. मी गाडीतून उतरून गडग्याशी गेले आणि त्यावर हात ठेवला. दहा पावलं चालले, वीस चालले. पावलं लांब पडेनात. मला दम लागला नव्हता, घाम आला नव्हता, खाली काही सोडून आले नव्हते. मी नुसती पोचवली गेले होते, सुपरमार्केटला पोचवलं होतं तशी. इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि राग कुणावर काढायचा तर त्या माणसावर, जो मागे उभा राहून मला आवडलं का ते बघत होता.

चटया पडल्या. गाड्यांपासून वीस पावलांच्या आत, टॉवरच्या सावलीत. उसळीचा डबा उघडला. मी म्हटलं, मी जरा चालत खाली जाते, तुम्ही येताना मला गाडीत घ्या. सगळे हसले. बँकवाले म्हणाले, वहिनी, वर आणलं तर आता खाली जायचंय तुम्हाला.

मी निघाले. डांबरावरून उतरताना गुडघ्यावर सगळा भार येत होता. दुसऱ्या वळणाशी मी कठड्यापाशी थांबले आणि खाली बघितलं. मला ती माझी वाट शोधायची होती. तिचे तुकडे झाले होते. रस्ता कापताना फोडलेला दगड उतारावरून खाली लोटला होता आणि त्याच्या लोंढ्याखाली वाट चार ठिकाणी गाडली गेली होती. त्या लोंढ्यांच्या मधे ती दिसत होती, पायांनी गुळगुळीत झालेली, कुणीतरी रचलेल्या पायऱ्यांची. म्हातारा बसला होता तो खांदा सपाट करून तिथे वळण घेतलं होतं.

एका ठिकाणी कठडा संपत होता, तिथून मी वाटेच्या एका तुकड्यावर उतरले. पन्नास पावलं असतील. तिसाव्या पावलाला गुडघ्यातून कळ आली, चाळिसाव्याला तो दुमडेना. पुढे फोडलेल्या दगडांचा ढीग होता, मागे चढ. मी तिथेच एका दगडावर बसले. पुढे जाता येत नव्हतं ते दगडांमुळे की गुडघ्यामुळे, हा हिशेब मी केला नाही. पहिल्यांदा डोंगर पाहिला तेव्हा हा पाय धड होता आणि ही वाटही धड होती, एवढंच डोक्यात होतं.

थोड्या वेळाने वर गाडी थांबल्याचा आवाज आला. नवरा एकटाच आला होता. कठड्यावरून उतरून, दगड चाचपत, ऑफिसच्या बुटांनी तो माझ्यापर्यंत आला. त्याने माझा गुडघा बघितला, चेहरा बघितला.

"तुला आवडलं नाही," तो म्हणाला.

"मला चालत यायचं होतं."

"अगं, पण पाय दुखतो तुझा. चालत कशी आली असतीस? म्हणून तर..." तो मधेच थांबला.

"इथे वाट होती," मी म्हटलं. "मी त्या पंक्चरच्या दिवशी आले होते ती. ओढ्यापासून वरपर्यंत."

त्याने माझ्या बोटाच्या दिशेने खाली बघितलं. ढिगाच्या अलीकडचा तुकडा बघितला, पलीकडचा बघितला, मधलं अंतर मनात जोडलं. हे त्याचंच काम होतं, त्याला ते लगेच दिसलं. रस्ता थोडा पलीकडून नेला असता तर वाट वाचली असती, हेही त्याला दिसलं असणार. चेहऱ्यावरून मला कळलं.

"ड्रॉइंगवर नव्हती ती," तो म्हणाला.

कशी असणार? विमानातून काढलेल्या फोटोवरून केलेलं ड्रॉइंग, त्यात बकऱ्यांच्या वाटा कोण धरतो? त्या टेबलाशी बसणाऱ्या माणसांत ती वाट पायाखाली घातलेली मी एकटीच होते. आणि ते ड्रॉइंग मी दोन महिने रोज गुंडाळून फ्रिजवर ठेवत होते. एकदा डोळे खाली घालून बघितलं असतं, एकदा विचारलं असतं, काय रे करतोस, तर मुलींच्या कंपासपेटीतल्या पेन्सिलीने मी ती काढून दाखवली असती.

त्याने हात पुढे केला. मी तो धरून उठले, आणि आम्ही वर गाडीशी आलो. त्याने दार उघडलं. मी डावा गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि दार लावून घेतलं.